पाय घे गं

आईने मूठ वळून गादीत रोवली, मनात एकदा देवाचं नाव घेतलं आणि हात उचलून खड्डा भरून येतो का ते पाहत राहिली. खड्डा होता तिथेच राहिला.

"ही नको. दोन उन्हाळ्यांत बसेल ही."

"मावशी, गादी बसत नाही हो, माणूस बसतो," असं म्हणून सेल्समन आपल्याच विनोदावर हसला.

"माणूस उठला की गादीनेही उठावं की नाही? ही सकाळी सकाळीच दमलेली दिसते."

लेकीने मागे तोंडावर हात धरला. आईचा आवाज कधी चढत नसे. शिवणयंत्रावर वाकून वाकून बोलणंही बारीक टाक्यासारखं झालं होतं, पण टाका बसायचा तिथे बसत असे.

पुढच्या आठवड्यात लेकीला वीज कंपनीत हजर व्हायचं होतं, तेही दूरच्या गावी. तिथे एक खोली भाड्याने घेऊन झाली होती. खोलीत खिडकी होती, नळ होता, बाकी काही नव्हतं. शिलाईतून बाजूला टाकलेल्या पैशांत एकच मोठी वस्तू बसणार होती. ती गादीच, असं आईने ठरवून टाकलं होतं. शेगडी मावशीची जुनी चालेल, बादल्या घरातल्या चालतील. पण दिवसभर खांबावर कंबर ताणून आलेल्या जिवाला पाठ टेकायला जागा धड हवी.

"कुणासाठी बघताय? लग्नाचं आहे का?" सेल्समनने विचारलं.

"नोकरीचं आहे," आई म्हणाली. "वायरमन आहे माझी मुलगी."

"मुलगी, आणि वायरमन?"

"मग काय वायरबाई म्हणायचं?"

"आई, पुरे गं," लेक पुटपुटली. पण आईचं पुरं होत नव्हतं. परीक्षेत सगळ्यांच्या आधी खांबाच्या टोकाला कोण पोचलं, हे तिने कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगितलं होतं, येताना बसच्या कंडक्टरला सांगितलं होतं आणि आता सेल्समनलाही सांगितलं. गल्लीतली पोरं लेकीला 'शिडी' म्हणून चिडवत, तेवढं मात्र तिने गाळलं.

स्प्रिंगची गादी त्यांनी लांबूनच पाहिली. काथ्याची आईला पसंत पडली, पण लेकीने हात फिरवून नाक मुरडलं. "अंगाला टोचेल गं." एका गादीवर 'डॉक्टरांची शिफारस' अशी चिठ्ठी होती. कुठल्या डॉक्टरांची, हे आईने तीनदा विचारलं तेव्हा सेल्समनने ती चिठ्ठी हळूच आत दुमडली. शेवटी भिंतीकडेला मांडलेली एक गादी निघाली. खाली कडक, वर बोटभर मऊ. मुठीचा खड्डा देवाचं नाव पुरं व्हायच्या आत भरून आला. नमुना म्हणून दुकानात मांडलेली असल्याने किंमतही आवाक्यातली होती.

"झोपून बघा ताई," सेल्समन म्हणाला. "हाताने गादी कळत नाही. पाठीला विचारावं लागतं."

लेकीने चपला काढल्या आणि ती कुशीवर आडवी झाली, गुडघे पोटाशी, तळवे एकमेकांवर. "छान आहे. हीच घेऊ."

"पलीकडची शिवण बघते थांब," म्हणत आई पायथ्याकडून वळसा घालायला निघाली, आणि रोजचे शब्द तोंडातून आपोआप निसटले.

"पाय घे गं, जाऊ दे."

लेकीने डोळे मिटल्या मिटल्याच पाय आणखी वर ओढले.

"अहो मावशी," सेल्समन हसून म्हणाला, "इथून हातगाडी जाईल! पाय कशाला घ्यायला लावता बिचारीला?"

आईने खाली पाहिलं. गादीच्या पायथ्यापासून समोरच्या गाद्यांपर्यंत चांगली ऐसपैस, मोकळी वाट होती. तिच्या कडेला आई पदर सावरून उभी होती, घरात उभी राहते तशी, अंग चोरून.

घरी एकच खोली. पहाटे देवापुढे दिवा लावायला उठलं की देव्हाऱ्याची वाट लेकीच्या पायांवरून जायची. आईने दिवा एकही दिवस चुकवला नव्हता, आणि ते शब्दही. पोर झोपेतच पाय घ्यायची, कधी कुरकूर नाही. किती गुणाची आहे, असं म्हणत आई समई उजळायची.

"सरळ झोप बघू," आई म्हणाली.

"झोपलेय की."

"तशी नाही. पाठीवर. पाय लांब कर."

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत."

लेक पाठीवर वळली. पाय हळूहळू लांब झाले. आधी घोटे काठापर्यंत आले, मग टाचा काठाबाहेर गेल्या आणि पावलं अधांतरी लोंबू लागली. तिने घाईने गुडघे वर घेतले.

"चालतंय गं. मला दुमडूनच झोप लागते. सवय आहे."

"ताईंची उंची किती?" सेल्समनने विचारलं.

"पाच-सात," लेकीने पटकन सांगितलं.

पाच-सात. हा आकडा आईचाच. लेक मामापेक्षा वर गेली, त्या वर्षी तो ठरला होता. स्थळं यायला लागली तेव्हा तो पाठच झाला. पाहुण्यांसमोर बसूनच राहायचं, चहा दुसऱ्या कुणी आणायचा आणि विचारलंच तर पाच-सात. लेकीनेही तो निमूटपणे उचलला होता, घरातली दुसरी कामं उचलावीत तसा.

"पाच-अकरा," आई म्हणाली.

आवाज जरा मोठाच आला. शेजारी उशा चाचपणाऱ्या बाई वळल्या. लेक कोपरांवर उठून आईकडे बघतच राहिली.

"पाच-अकरा आहे ती. तिचे कपडे मी शिवते, मला माहीत नसणार? हिच्या मापाची दाखवा."

"पाय ताणून झोपायचं तर मापावर वीतभर जास्त लागते. तेवढी लांब तयार नसते मावशी. मागे कारखान्यात कापून देतात. पण मग भाव..." सेल्समनने हात वर नेला.

"खोळीसकट?"

"हो, अर्थात."

"खोळ नको. नुसता आतला गाभा द्या. खोळ मी शिवेन."

"आई, कशाला एवढं?" लेक चपला न घालताच उठून उभी राहिली. "ती भिंतीकडची मिळतेय ना स्वस्तात. माझी काही तक्रार आहे का?"

"नाही ना. कधीच नव्हती," आई म्हणाली. "चल."

सेल्समनने आत जाऊन विचारून भाव आणला, आईने तो आणखी थोडा खाली आणला, आणि जमलं. फक्त घरी न्यायची व्यवस्था तुमची, असं तो म्हणाला. "वायरमन आहे ती," आई उत्तरली, "डोक्यावरून नेईल."

मागच्या शेडमध्ये फोमच्या लाद्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. कापणाऱ्या कारागिराने फूटपट्टी काढली, पण आईने त्याला थांबवलं. तिने लेकीला लादीला पाठ लावून उभं केलं, अनवाणीच, आणि एक स्टूल मागून घेतलं. गुडघा धरत त्यावर चढली. पर्समधून शिंप्याचा निळा खडू काढला आणि डोक्यावर तळहात आडवा ठेवून फोमवर रेघ ओढली.

उशा बघणाऱ्या बाई दारापर्यंत आल्या होत्या.

"अगं बाई! केवढी उंच ही मुलगी!"

लेकीने आईकडे पाहिलं. या वाक्याचं उत्तर आईकडे तयार असे: टाचेच्या चपला आहेत हो. आज पाय अनवाणी होते, पण आईने काढलं असतं काहीतरी शोधून. लेक त्याचीच वाट पाहत मान खाली घालून उभी राहिली.

आई स्टुलावरून त्या बाईंकडे वळली.

"आहेच," ती म्हणाली. "माझी मुलगी आहे."

मग ती पुन्हा लादीकडे वळली, आणि तिचा खडू हवेतच थांबला. मघाची रेघ डोक्याच्या वर नव्हती. लेकीचं डोकं रेघेच्या वर गेलं होतं. खांदे मागे फोमला टेकलेले, मान ताठ, हनुवटी वर. ती समोर, शेडच्या उघड्या दाराकडे पाहत होती. इतकी वर्षं घेतलेलं प्रत्येक माप अंग चोरून उभ्या राहिलेल्या लेकीचं होतं, हे आईला दिसलं.

"चुकलं का मावशी?" कारागिराने विचारलं.

"हो," आई म्हणाली.

तिने तळहाताने रेघ पुसली, टाचा उचलल्या आणि नवी रेघ वर काढली.