पदरचं वाक्य

दिव्यानीने सगळी चित्रं काढून दिली होती, शेवटचं सोडून. त्या एका चित्रावाचून बाकीची सगळी निरर्थक ठरत होती, म्हणून प्रणित वडशाच्या एसटीत बसला होता.

चामोर्शीहून निघालेली बस गडचिरोलीला बराच वेळ रेंगाळली आणि मग आरमोरीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या. कापलेल्या धानाचे पुंजणे उन्हात पाठमोरे बसलेल्या माणसांसारखे दिसत होते. वाहकाने दोनदा विचारलं तेव्हा कुठे प्रणितच्या तोंडून ‘वडसा’ हा शब्द बाहेर पडला. त्याचं नेहमीच असं व्हायचं. माणूस उठून गेला की मग त्याला नेमकं वाक्य सुचायचं.

कदाचित म्हणूनच त्याने असा खेळ लिहायला घेतला असावा, ज्यात वाक्यं आधीच तयार असतात. लोक त्याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणत. मोबाइलच्या पडद्यावर एक चित्र, खाली संवाद, आणि मधूनमधून कथा थांबून वाचणाऱ्यालाच विचारणार : आता तू काय करशील? खाली दोन-तीन पर्याय. ज्यावर बोट पडेल त्या वाटेने कथा पुढे जाणार. घाई नाही, कुणी अडखळणं पाहत नाही, आणि तुम्ही विचार करत असताना समोरची व्यक्ती उठून जात नाही.

त्याच्या खेळाचं नाव होतं ‘उर्वशीची खानावळ’. जंगलाकाठच्या गावी बदलून आलेला तरुण कारकून उर्वशीकडे जेवायला लागतो. तिचा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. कारकुनाचं शहरात लग्न ठरलेलं आहे. हे तिला सांगायचं की लपवायचं, इथून वाटा फुटत जातात. खेळ प्रौढांसाठी होता. मोठ्या माणसांच्या प्रेमाला शरीर असतं आणि ते मान खाली न घालता लिहिता येतं, असं प्रणितचं ठाम मत होतं. वाहकाशी बोलताना मान खाली घालणाऱ्या प्रणितचं.

पहिल्यांदा तो खेळला ताबिश. दोघे चामोर्शीच्या शाळेत एका बाकावर बसलेले; आता ताबिश वडशाच्या एका नाटक कंपनीत दिवे सांभाळायचा. ठरलेलं लग्न लपवण्याचा पर्याय त्याने हसत हसत निवडला. पुढच्याच प्रसंगात उर्वशीने त्याच्या ताटात न मागता भाजी वाढली. ताबिशने मोबाइल पालथा घातला. घरी जेवताना त्याचा घास अडलेला पाहून नाहीदने, त्याच्या बायकोने, विचारलं तर तिला काय सांगावं ते त्याला कळेना.

“यार प्रणित,” त्याने फोनवर सांगितलं होतं, “पुस्तकात दुसरा कोणी खोटं बोलते. इथी मीच बोललो ना बे.”

प्रणितने ते वाक्य कित्येक दिवस जिवापाड जपलं. मोठ्या शहरातल्या एका प्रकाशक कंपनीला खेळ आवडला होता. महिनाअखेर शेवटच्या प्रसंगासह हाती आला तर कंपनी तो बाजारात आणणार होती. आणि नेमका तेव्हाच दिव्यानीचा निरोप आला : शेवटचं चित्र माह्याच्यानं होत नाई. येऊन बोल.

दिव्यानी ताबिशच्याच नाटक कंपनीचे पडदे रंगवायची. धान निघालं की झाडीपट्टीत गावोगावी नाटकं सुरू होतात, आणि त्याआधी वडशात प्रत्येक कंपनीची लगबग असते. जुन्या राइस मिलच्या गोदामात तिने जमिनीवर अख्खा पडदा अंथरला होता आणि लांब काठीला बांधलेल्या ब्रशाने ती उभ्याने नदी रंगवत होती.

“आला का गा?” तिने मान वर न करता विचारलं. “तिकडून ये. नदी ओली हाय.”

प्रणित रंगवलेल्या घाटाच्या कडेकडेने चालत आला. शिडीवर चढून बल्ब बसवणारा ताबिश वरूनच म्हणाला, “बाईसाहेब रुसल्या भाई. उघड्या बाईचं चित्र म्हटलं का लाजली.”

“मी कॉलेजात समोर माणसं बसवून चित्रं काढली, ताबिश. तू शिडी पाह्य, पडशीन.” मग ती प्रणितकडे वळली. “लाजेची गोष्ट नाई. मले तिचा चेहरा दिसत नाई.”

“मंग बाकीची कशी काढली?”

“तिथी ती पोळ्या करते, भांडी घासते, वाढते. हाताले काम असलं का चेहरा येतेच. इथी ती दार उघडून उभी हाय. दार उघडणाऱ्या बाईच्या मनात काईतरी असते ना? भेव असन, राग असन, मस्ती असन. तुह्या उर्वशीच्या मनात काय हाय?”

प्रणितकडे याचं उत्तर होतं, पण ते आकड्यात होतं. खेळाच्या आत, वाचणाऱ्याला न दिसणारं ‘जिव्हाळा’ नावाचं एक माप त्याने ठेवलं होतं. गोड पर्याय निवडला की ते वाढे, कडू निवडला की उतरे. ठरल्या रेषेवर गेलं की शेवटच्या प्रसंगात उर्वशी दार उघडे. हे त्याने खालच्या आवाजात सांगितलं.

“अरे, मले ते समजलंच होतं,” ताबिश म्हणाला. “चहाची तारीफ केली का काम होते. सकाळी तारीफ, संध्याकाळी तारीफ. इतका चहा तं मी नाहीदच्या हातचा बी वाखाणला नाई.”

“म्हणजे तुही उर्वशी रिचार्ज हाय,” दिव्यानी म्हणाली. “टाकत जा, चालू होते.”

ताबिश इतका हसला की शिडी हलली. प्रणित हसला नाही. ती थट्टा खरी होती, आणि खरी थट्टा ऐकताना माणसाला आपलेच कान परके वाटतात.

दिव्यानीने ब्रश डब्यात टाकला, हात पुसले आणि काही कागद घेऊन ती पालथ्या पेटीवर बसली. “मी तिची नक्कल काढली.”

नक्कल म्हणजे काय हे झाडीपट्टीत कुणाला सांगावं लागत नाही. नटाला अख्खं नाटक देत नाहीत. फक्त त्याची वाक्यं आणि त्याआधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द उतरवून देतात. कुणाचं काम भरीव आणि कुणाचं पोकळ, ते तालमीच्या आधीच उघडं पडतं. प्रणितने नायकाच्या वाटांचा नकाशा भिंतभर काढला होता. उर्वशीची वाक्यं सलग वाचावीत हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“चाल, तालीम करू,” ती म्हणाली. “तू कारकून. कोणतीबी वाट पकड.”

त्याने आधी गोड वाट धरली. आवाज कापत होता, तरी एकेक पर्याय वाचून तो निवडत गेला. दिव्यानी नकलेतलं तेवढंच म्हणत होती. हो. तुम्ही म्हणाल तसं. तुमचीच वाट पाहत होते. मग त्याने खोट्याची वाट धरली. लग्न लपवलं, वरून चहाची तारीफ केली. हो, ती म्हणाली. तुम्ही म्हणाल तसं. तुमचीच वाट पाहत होते. इतक्या फाट्यांवरून चालून माणूस पुन्हा त्याच पायरीशी येत होता, आणि पायरीवरची बाई प्रत्येक वेळी तितकीच आनंदी होती.

शेवटचा प्रसंग आला. प्रणितने कारकुनाचं वाक्य वाचलं, “दार उघड, उर्वशी.”

दिव्यानीने कागद मांडीवर ठेवला. झाडीपट्टीचे नट रंगात आले की नकलेत नसलेलं, पदरचं वाक्य घालतात आणि समोरच्याला ते सांभाळून घ्यावं लागतं. प्रेक्षक त्याचीच तर वाट पाहत असतात. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“तुमचं लगन ठरलं हाय, हे मले पयल्याच दिवशी समजलं होतं,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण वयाने मोठा झालेला. “तरी मी तुम्हाले वाढत राह्यली. काऊन वाढत राह्यली, इचाराल?”

गोदामात रंगाचा वास होता आणि पत्र्यावर कबुतरं चालत होती. प्रणितने मोबाइलकडे पाहिलं. पडद्यावर तीन पर्याय होते : तिचा हात धर. माफी माग. निघून जा. त्याने ते पुन्हा वाचले. विचारण्याचा पर्याय त्यात नव्हता. त्यानेच तो ठेवला नव्हता. दोन वर्षांत एकदाही त्याला तो सुचला नव्हता.

“बोल ना गा,” ताबिश शिडीवरून म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “तुही पाळी हाय.”

प्रणितला आठवली ती सगळी माणसं, जी त्याचं वाक्य तयार होण्याआधी उठून गेली होती. त्यांच्यावर त्याचा मुका राग होता. म्हणून त्याने अशी बाई घडवली जी कधीच उठत नाही. न उठणाऱ्या माणसाला आपण एकटेपणाचं औषध समजलो, आणि तिला मात्र आपल्याहून एकटं करून ठेवलं.

“हे तू लिहून दे ना,” शेवटी तो म्हणाला. “तिची वाक्यं. तुले येतात.”

“मी नाई लिहीत.”

“काऊन?”

“मंग ती दिव्यानी होईल, उर्वशी नाई होणार. तूच लिही. आधी तिची नक्कल पूरी लिही. तिले कवा जाग येते, कोणाचा राग येते, दार लावून एकटी असली का काय करते. कारकुनाचे पर्याय मागाहून टाक.” ती उठून नदीकडे गेली. “चेहरा दिसला का चित्र काढून देईन. नाई दिसला तं नाई.”

परतीच्या बसमध्ये त्याने प्रकाशक कंपनीला कळवलं की खेळ महिनाअखेर येणार नाही, आणि आला तरी त्यात जिव्हाळ्याचं माप नसेल. उत्तर सौजन्याने आलं. आपण केलेली निवड फळाला येत नसेल, तर वाचणाऱ्याने निवडावं तरी कशाला? असं असेल तर आम्हाला थांबावं लागेल.

तो प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, आणि प्रणितने तो झटकून टाकला नाही. खेळाचं सामर्थ्य तर तिथेच होतं. ताबिशचा घास त्यामुळेच अडला होता. पण तो अडला तेव्हा दार उघडलं नव्हतं. एका बाईने न मागता भाजी वाढली होती, इतकंच. निवड आपल्या वाक्याची असते. समोरच्याच्या उत्तराची नसते. एवढं कळल्यावर त्याने माप पुसून टाकलं. मापावर टेकलेल्या बहुतेक वाटा त्याच्याबरोबर कोसळल्या. भिंतीवरचा नकाशा त्याने स्वतःच्या हाताने उतरवला, आणि रिकाम्या भिंतीसमोर बसताना त्याला वाटलं होतं तितकं दुःख झालं नाही.

हिवाळाभर तो उर्वशीला लिहीत राहिला. ती चुलीशी काय पुटपुटते, नवऱ्याचं नाव निघालं की कुणाकडे पाहते, जेवणाऱ्यांपैकी कोण तिला आवडत नाही. काही दिवस एकच वाक्य व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तेही खोटं वाटायचं. तो ते खोडायचा आणि पुन्हा बसायचा. हळूहळू ती त्याला न विचारता बोलू लागली. एका वाटेवर, सगळं खरं सांगणाऱ्या भल्या कारकुनालाही तिने दार उघडलं नाही. प्रणितने ती वाट वळवून पाहिली. ती वळली नाही. त्याने ती तशीच ठेवली.

मोहफुलं गळायला लागली तेव्हा तो पुन्हा वडशाला गेला. नाटकांचा हंगाम ओसरत आला होता. नदीचा पडदा गावोगाव फिरून, घड्या पडून परत आला होता आणि दिव्यानी त्याची डागडुजी करत होती.

“तुह्या त्या प्रकाशक कंपनीचं काय झालं?” तिने विचारलं.

“नाई म्हणाले. मी आपलाच काढतो.”

ताबिश आधीच मोबाइल घेऊन बसला होता. थोड्या वेळाने तो अस्वस्थपणे हलला.

“चहा चांगला झाला म्हटलं तिले.”

“मंग?” दिव्यानी म्हणाली.

“म्हणते, मंग अर्धा काऊन सोडला?” ताबिशने जवळच ठेवलेल्या आपल्या अर्ध्या कपाकडे पाहिलं आणि तो उचलून संपवला.

दिव्यानी पेटीवर बसली. नवी नक्कल जाड होती. या वेळी प्रणितचा आवाज कापला नाही, निदान पहिल्याइतका नाही. तिने एक वाट वाचली, मग दुसरी. कुठे ती हसली, कुठे एखादं वाक्य पुन्हा मागे जाऊन वाचलं. खोट्याच्या वाटेवर शेवटचा प्रसंग आला. प्रणितने कारकुनाचं वाक्य म्हटलं आणि तो थांबला. गेल्या वेळी इथेच तिने कागद मांडीवर ठेवला होता.

तिने कागद ठेवला नाही. नकलेत होतं तेच, जसं होतं तसं वाचलं, शेवटपर्यंत. पदरचं एकही वाक्य घातलं नाही.

मग कोऱ्या कागदाचा फळा तिने मांडीवर ओढून घेतला आणि पेन्सिलीने उंबरठ्याची एक रेघ मारली.

“दार उघडं काढू का लावलेलं?” तिने विचारलं.

उत्तर प्रणितच्या ओठांवर, कधी नव्हे ते, वेळेवर आलं.

“मले काहाले इचारते,” तो म्हणाला. “तिले इचार.”

दिव्यानीने डोळे मिटले, जणू खरंच कुणाला विचारत होती. आणि मग पेन्सिल चालू लागली, दाराला बगल देऊन, आधी चेहऱ्यापाशी.