बिनआवाजाचा लॅपटॉप

मी बोलतोय, दुकानातल्या खालच्या फळीवरचा लॅपटॉप. अंगावर 'वापरलेला' अशी चिठ्ठी चिकटवली आहे, पण तिच्याकडे बघू नका. पातळ आहे, चंदेरी आहे, एका हाताने उचलता येतो. आणि चालू केलात तरी चालू आहे की बंद हे कळणार नाही, इतका गुपचूप आहे, कारण माझ्या पोटात पंखाच नाही. या गुणाचा मला कोण तोरा होता! आता कोणी 'वा, आवाज अजिबात नाही' म्हणालं, की वाटतं जमिनीने पोटात घ्यावं.

कारखान्यात शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला मऊ कापडाने पुसलं, 'देखणा आहे हो हा' म्हणाली आणि खोक्यात घातलं. तेवढ्यावर मी फुगलो. अरे, देखणा आहेस, पण कामाचा आहेस का, असं विचारणारं खोक्यात कोण असणार?

मग या दुकानात, काचेजवळच्या मानाच्या जागेवर आलो. तिथेच एके दिवशी ती तिघं आली. पुढे मुलगी, तरतरीत, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. मागे तिची आई. आईच्या खांद्यावर डावा हात ठेवून वडील. उजवा हात नुसता लोंबत होता.

"रेल्वे चालवायचा खेळ असतो ना, त्याच्यासाठी लॅपटॉप हवाय," मुलगी म्हणाली.

दुकानदार हसला. "मुलगा किती वर्षांचा आहे?"

"मुलगा नाही. माझ्या बाबांसाठी हवाय."

दुकानदाराचं हसू जागच्या जागी विरलं. मुलीने मग सगळं सांगितलं. बाबांनी जन्मभर मालगाड्या चालवल्या. मेंदूत गुठळी झाली, उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण शब्द जिभेवर येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येतात. त्या म्हणाल्या, ड्रायव्हर लोक सिग्नल दिसला की मोठ्याने पुकारतात ना, हिरवा, पिवळा, तांबडा? आयुष्यभर तोंडात घोळलेले शब्द कधीकधी आधी परत येतात. समोर रूळ दिसू द्या, सिग्नल येऊ द्या, कोण जाणे, जीभ सुटेल.

दुकानदार माणूस सरळ होता, खोटं कशाला बोलू. त्याने बरोबर यंत्र पुढे ठेवलं. काळं, जाडजूड, विटेसारखं. "खेळाला हाच घ्या. ताकद आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टीमही त्या खेळाला लागते तीच आहे. बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नका." त्याने खेळ चालू करून दाखवला. रूळ धावू लागले, झाडं मागे पळू लागली. आणि त्या काळ्याचा पंखा जो काय घोंघावायला लागला!

ड्रायव्हरबाबांनी मान वाकडी करून कान दिला. कपाळावर आठी चढली. उभ्या आयुष्यात इंजिनाच्या आवाजावरून त्यांनी दुखणी ओळखली होती. असं घोंघावणारं यंत्र म्हणजे आतून बिघडलेलं यंत्र, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मग ते बायकोचा खांदा धरून एकेका लॅपटॉपला कान लावत निघाले. लोक बघत होते. माझ्यापाशी आले, माझ्या अंगावर कान टेकवला, थांबले. आत शांत, सगळं ठणठणीत! त्यांचा अर्धा चेहरा हसला आणि डावं बोट माझ्यावर ठेवलं गेलं.

"अहो, पण याच्यावर तो खेळ..." दुकानदार म्हणाला.

"असू दे," आई म्हणाली. "आजारी पडल्यापासून चहा हवा की पाणी हेसुद्धा यांनी दाखवलं नाही. आज पहिल्यांदा बोट उचललंय. मी त्यांना नाही म्हणू?"

मुलगी घुटमळली. मग म्हणाली, "बरं. आमचे हे बघतील काहीतरी."

आणि मी? मी मिरवलो. काळ्याकडे बघून मनात म्हटलं, बस बोंबलत. त्यांनी मला निवडलंय.

घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसायचे. मांडीवर उशी, उशीवर मी. पहिल्याच दिवशी कळलं, तो खेळ माझ्या सिस्टीमवर मिळतच नाही. तशी पाटी आली. बाबांना वाटलं, आपला डावा हात चुकला. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच पाटी. मी आतल्या आत ओरडत होतो, बाबा, तुमचं नाही हो चुकत, मीच कुचकामी आहे! पण पाटी दाखवण्यापलीकडे मला तोंड कुठे?

शिकवणाऱ्या बाई यायच्या. चित्रं दाखवायच्या. "हे काय आहे? कप. म्हणा, क..." बाबा तोंड उघडायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि बाहेर यायचं, "अं... अं..." मग ते खिडकीकडे तोंड फिरवायचे. बाई जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी हळू आवाजात म्हणाल्या, "सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. ते हातातून चाललेत. नंतर येतच नाही असं नाही, पण कठीण होतं." आईने धुतलेलंच भांडं परत धुवायला घेतलं.

मग जावई आले. सासूबाई त्यांना पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणायच्या.

"त्यात काय एवढं!" सर्वज्ञ म्हणाले. "याच्यातच दुसरी सिस्टीम बसवू. डाव्या हाताचा मळ."

"बिघडणार नाही ना हो?"

"आई, मी आहे ना!"

एका खोलीत दोन बिऱ्हाडं बसवावीत तशी त्यांनी माझ्यात दुसरी सिस्टीम कोंबली. खेळ आत आला, उघडलाही. पण चित्रं रंगवायची ताकद माझ्यात कुठून आणणार? रूळ एक हात पुढे सरकले की थांबायचे. झाड आधी नुसता हिरवा ठिपका, मग कधीतरी झाड. "बघा, चाललं की नाही!" सर्वज्ञ म्हणाले, टाळी मागितली आणि कामाला गेले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं ते हेच.

पण बाबांचे डोळे! रूळ दिसले मात्र, पाठ ताठ झाली. नजर लांब गेली. पहिला सिग्नल आला, तेव्हा ओठ हलले. आवाज नाही आला, पण ओठ हलले, मी बघितलंय. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. शब्द तिथेच, दाराशी उभा होता. मला फक्त गाडी धावती ठेवायची होती. तेवढंच, हो. तेवढं एकच काम!

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. बाबांनी मला उशीवर घेतलं. मी घसरू नये म्हणून लुळा उजवा हात माझ्या पोटाखाली सरकवला आणि डाव्या हाताने गाडी सुरू केली. मी जीव तोडून चाललो. ठेचकाळत, धापा टाकत, पण चाललो. समोर तांबडा सिग्नल आला. बाबांनी गाडी थांबवली.

आणि मी गोठलो.

सगळं अडकलं. चित्र हलेना, काही म्हणता काही होईना. पडद्यावर तांबडा दिवा तसाच जळत राहिला. दुसरा कोणीही माणूस असता तर दोन चापट्या मारून उठला असता. पण हा ड्रायव्हर! तांबडा असताना हा जागा सोडतो होय? बाबा ताठ बसून दिवा बदलायची वाट बघू लागले.

इकडे माझं अंग तापायला लागलं. पंखा नाही, खाली उशी, ऊन खिडकीतून थेट अंगावर. गरमी जाणार कुठे? ती चालली होती त्यांच्या हातात. त्या हाताला स्पर्श कळत नव्हता, चटका कळत नव्हता. मला कळत होतं. बाबा, हात काढा! तो सिग्नल नाही बदलायचा, तो खोटा आहे, मी मेलोय! उठा हो, पाया पडतो, उठा! पंखा असता तर निदान घोंघावलो असतो, त्यांच्या कानाला लगेच कळलं असतं. ज्या शांततेवर ते भुलले, त्याच शांततेत मी त्यांचा हात भाजत होतो. ते मात्र सरळ समोर बघत होते, शहाण्यासारखे, इमानाने.

शेवटी तापून तापून मी विझलो. पडदा काळा झाला. बाबा दचकले. त्यांना वाटलं असेल, आपल्या हातून गाडीला अपघात झाला. डाव्या हाताने पडदा चाचपत राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तेवढ्यात आई बादली घेऊन आली. मला उचललं आणि खालचा तळवा दिसला. लालबुंद, बोटांवर फोड.

"अगं बाई गं! अहो, हे काय झालं! हात भाजला तुमचा!" बादली तिथेच आडवी झाली. तिने मला जमिनीवर आदळलं. "मेला हा डबा! मुडदा बशिवला याचा! कोणी आणलं हे घरात? कोणाला सुचलं हे? सांगा ना, कोणी निवडलं हे?"

ती कोणाला विचारत नव्हती. माणसं रागात असं बोलतातच.

"मी."

आई थांबली. दाराकडे बघितलं, कोणी आलंय का म्हणून. दारात कोणी नव्हतं.

"काय म्हणालात?"

बाबांचा जबडा थरथरत होता. डावा हात छातीवर आपटून त्यांनी तो शब्द पुन्हा ओढून काढला. "मी."

आई खुर्चीपाशी खाली बसली. त्यांच्या हातावर फुंकर घालत होती आणि हुंदके देत होती, त्यामुळे धड फुंकरही बसेना. "हो हो, तुम्हीच," म्हणत होती. "तुम्हीच हो."

संध्याकाळी मुलगी मला पिशवीत घालून इथे घेऊन आली. कोपऱ्याला पोचा आला होता, तरी दुकानदाराने ठेवून घेतलं आणि त्याच पिशवीत तो काळा घातला. तिने योग्यच केलं. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. काळ्याचा पंखा घोंघावला तेव्हा बाबांनी पुन्हा मान हलवली का? की घेतलं त्याला मांडीवर? कोण सांगणार मला? तुम्ही लॅपटॉप घ्यायला आलात, ठीक. कशासाठी हवा ते आधी सांगा आणि दुकानदार काय म्हणतो ते ऐका. माझ्या रूपावर जाऊ नका. मला घेतलं नाहीत तरी चालेल.

फक्त एक करा. त्या घरातलं कोणी तुमच्या ओळखीचं निघालं, तर विचारून या. 'मी'च्या पुढे दुसरा शब्द आला का हो?