कुंदनचं नाव कोणाच्या हजेरीवर

रविवारी दुपारी जेवताना सुकलालने बातमी फोडली.

"ललितभाईले सांगी दिधं. एक तारखेपासून तुन्हं नाव त्यासना हजेरीवर. तू पक्का."

कुंदनचा घास हातातच राहिला. "आबा, काय केलंत हे?"

सुकलालला शाबासकीची अपेक्षा होती. सुरतच्या डिंडोलीच्या आसपासच्या कापड कारखान्यांत अडतीस वर्षं त्याने लूम चालवले, पण त्याचं नाव कुठल्याही हजेरीपुस्तकात कधी चढलं नाही. लूममधला धोटा उडून मनगट मोडलं तेव्हा शेठने ओळखसुद्धा दाखवली नाही. आणि पोरगा दोन वर्षं रोज कामरेजला ललितभाईंच्या कारखान्यात जातो, तरी तिथे त्याचं नाव नाही, हे कळल्यापासून सुकलालला चैन नव्हतं. शुक्रवारी तो स्वतः जाऊन बोलून आला होता.

कुंदन टोरांटोजवळच्या एका कंपनीत होता. कापडातले दोष कॅमेऱ्याने पकडणारी यंत्रं ती बनवते. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, मिळून दहा महिने होतात न होतात तोच कंपनीने त्याला साडेतीन वर्षांसाठी सुरतला धाडलं. ललितभाईंकडे यंत्रं बसवायची, माणसं शिकवायची. पगार तिकडूनच.

"पाच वर्षांत सातशे तीस दिवस कॅनडात भरावे लागतात," कुंदन म्हणाला. "इथले दिवस धरतात, कारण मला त्या कंपनीने पाठवलंय आणि माझी जागा तिथे राखलीय. ललितभाईंचा नोकर झालो की त्या दिवसापासून मोजणी बंद. मग तिथली जागा जाईल आणि इथेच राहिलो तर पुढे पीआरही जाऊ शकतो."

पुष्पाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमले कोन सांगेल व्हतं?"

"मन्हा हात मोडना तवय बी कोनी सांगेल नव्हतं," सुकलाल म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग म्हणाला, "तठे तुन्हा जागावर आते कोन शे?"

"तात्पुरता माणूस. मी गेलो की तो निघणार. तसं पत्र आहे माझ्याकडे."

"मंग बदली म्हन ना!"

सुकलालचा चेहरा उजळला. गावी जाताना प्रत्येक कारीगर आपल्या लूमवर बदली ठेवून जातो. बदली चालवतो, पण लूम कारीगराचाच. तोच कारीगर मधेच दुसऱ्या कारखान्यात कामाला लागला, तर मात्र शेठ बदलीला ठेवून घेतो.

"हेच समजावायला वकिलाने तासभर घेतला होता," कुंदन म्हणाला.

"वकील कधी लूमवर व्हता का?" पुष्पाबाई म्हणाली, आणि तिघेही हसले. पण काम झालं नव्हतं. ललितभाईंना मी ईमेल करतो, असं कुंदन म्हणाला. सुकलालने मान हलवली. "मी बिघाडं, मीच नीट करसू."

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो कामरेजला गेला. ललितभाईंनी टेबलाच्या खणातून फॉर्म काढला. "काका, शुक्रवारी हात जोडून नाव चढवा म्हणालात. आज काढा म्हणता?"

"चूक झाली, शेठ. तो त्या कंपनीचा माणूस आहे. तुमच्याकडे पाठवलेला."

फॉर्मवर कुंदनची सही व्हायची होती, म्हणून तो पुढे गेलाच नव्हता. ललितभाई तो परत खणात टाकायला लागले, पण सुकलाल उठला नाही. "फाडा, शेठ. आणि कुंदन आमच्या नोकरीत नाही, असं शिक्क्यानिशी लिहून द्या."

"पोराला नोकरी नाही म्हणून दाखला मागणारा बाप पहिल्यांदाच बघतोय," असं म्हणत ललितभाईंनी फॉर्मचे चार तुकडे केले आणि पत्र टाईप करायला सांगितलं.

कुंदनने ते पत्र कंपनीला पाठवलं. गुरुवारी उत्तर आलं. नेमणूक होती तशीच आहे, जागा राखलेली आहे, सुरतचे दिवस मोजणीत धरले जातील. कुंदनने ते मराठीत करून सांगितलं तेव्हा सुकलालने 'मोजणीत धरले जातील' पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पुष्पाबाई मेथी निवडत होती. पोरगा इथे पक्का होणार, हे नवऱ्याने शुक्रवारी सांगितल्यापासून तिला दोन दिवस आतून आवडलं होतं.

"म्हंजे तू जाशीच."

"जाईन. पण दीड वर्ष आहे अजून, माय."

तिने बोटांवर अक्षय्य तृतीयेपर्यंतचे महिने मोजले. "दोन आखाज्या येतीस," ती म्हणाली. "एक गावले करू."

"दोन्ही गावले करू," सुकलाल म्हणाला.