गळाचे दहा

"पाण्यात काय टाकलंत हो, मॅडम?"

मी सरळच विचारलं. परत फेकलेले मासे जगतात का ते बघायला ती आमच्या बोटीवर टाकी घेऊन आली होती. त्या टाकीत काल आमच्या जाळ्यातले बारके मासे सोडले होते, एरवी आम्ही परत समुद्रात फेकतो ते. सकाळी बाविसातले चौदा उलटे तरंगत होते.

"समुद्राचंच पाणी आहे, मामा. सारखं बदलतंय," असं म्हणून त्या संशोधकबाईने वहीत आकडा लिहिला.

कुठली कोण ही, मला मामा म्हणणारी! पस्तीस वर्षं मी बारके मासे परत टाकतोय. टाकताना मनाला बरं वाटायचं, चला, वाचलं बिचारं. आणि ही कालची पोर सांगणार की ते मरतात? बोट माझ्या जावयाची, त्याच्या जिवाला वेगळाच घोर. मरतात असं ठरलं तर फेकायला बंदी येणार, न खपणारा सगळा माल किनाऱ्यावर आणावा लागणार. एवढीशी आमची बोट, त्यातच भरून जायची. मग ती विकून घरी बसा!

"मामा, टाकीतच काहीतरी गोम आहे," जावई माझ्या कानाशी पुटपुटला.

मी पाळतच ठेवली. हवेची नळी हुंगली, पाणी जिभेला लावून पाहिलं. काही सापडेना. मग म्हटलं, "मॅडम, मी गळाने मासे धरतो. जाळ्यात चेंगरणं नाही, फळीवर तडफडणं नाही. ते ठेवा याच टाकीत. तेही मेले की तुमचं बिंग फुटलं!"

तिला राग यावा ना! उलट म्हणाली, "द्या की. मला तेच हवं होतं."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दिवसभर बसून दहा धरले, ओल्या हातांनी सोडवले, पराला खुणेचा निळा दोरा बांधला. चार दिवस जेवलोसुद्धा टाकीशेजारीच. जाळ्यातले एकेक करत गेले, दोनच उरले. माझे दहाच्या दहा मजेत फिरत होते. पस्तीस वर्षांत मी किती टाकले असतील?

बंदर दिसू लागलं तसा जावई जवळ आला. "टाकी खराब होती म्हणा, मामा. तुमचा शब्द सगळे मानतात."

माझ्या लेकीचा संसार याच बोटीवर चालतो.

धक्क्यावर सगळे मच्छीमार जमले होते, जावयाने आधीच फोन करून ठेवला होता. "काय हो, टाकीतच गडबड होती म्हणे?"

"टाकी चांगली आहे," मी म्हणालो. "मी धरलेले दहा मासे जिवंत आहेत तिच्यात. या, बघून जा."

जावई वाकून दोर बांधत होता. त्याने मान वर केली नाही.