सतरा नंबरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहातावर मावेन एवढा, काळा, पोटात दोन सेल आणि डोक्यावर लाल दिवा. जन्मभर मी दुसऱ्यांचं ऐकलं. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय, तेव्हा मधे बोलू नका.

माझा कारखाना कुठला ते मला आठवत नाही. मला समज आली ती सीताबर्डीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. तिथून मला अरुंधतीबाईंनी घेतलं. त्या नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत काम करायच्या. पूर्वेकडच्या जंगलात सरकार आणि बंदूकवाले यांची वर्षानुवर्षं लढाई चालली आहे. तिथून चोरटा माल नेणाऱ्या टोळ्यांना वाट कोण देतं, आणि एवढा बंदोबस्त वाढवूनही चोरी थांबत का नाही, हे शोधणं बाईंचं काम. बाई एसटीने जायच्या आणि मी त्यांच्या पर्समध्ये, रुमाल आणि आवळासुपारीच्या डबीच्या मधे. काय ऐट होती तेव्हा माझी!

बाईंचा एक कडक नियम होता. माणसाचं नाव कुठेही यायचं नाही, कागदावर नाही आणि माझ्यात तर मुळीच नाही. प्रत्येकाला नंबर. दिवा लागला की बाई आधी नंबर सांगायच्या आणि दिवा विझेपर्यंत समोरच्याला नुसतं ‘तुम्ही’ म्हणायच्या.

सतरा नंबर म्हणजे आनंदराव. जंगलातल्या तपासणी नाक्यावर त्यांनी तीस वर्षं रखवाली केली आणि नुकतेच निवृत्त झाले होते. नंबर ऐकून ते हसले. “मी का पोतं हाओ, नंबर टाकून राहिल्या?” असं म्हणाले आणि मग दोन तास बोलले. कोणत्या वारी कोणत्या गाड्या न उघडता सोडायच्या, त्यासाठी कोणत्या साहेबाचा फोन यायचा, सगळं सांगितलं. पुढे जंगलात बंदूकवालेही त्याच गाड्या मुकाट सोडायचे. “दोन्हीकडच्या बंदुका अलग हाएत बाई, गाडी एकच हाय,” ते म्हणाले. त्यांच्या आधी नाक्यावरचे दोघं असंच बोलले होते आणि ते घरी परत आले नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. आवाज खर्जातला होता, मधूनच घसा खाकरायची सवय. खरं सांगू? माझ्यात जेवढे आवाज आले त्यांत मला तो सगळ्यात आवडला.

आणि इथेच बाई चुकल्या. आपल्याकडे कोणाच्या घरून उठताना नाव घेऊन निरोप घेतल्याशिवाय पाय निघत नाही. बाई असल्याच घरात वाढलेल्या. चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, “येते हं आनंदराव. कुसुमताई, चहा छान झाला होता.” माझा दिवा अजून चालूच होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी यंत्र. नवऱ्याचं आणि बायकोचं, दोन्ही नावं मी निमूटपणे टिपून घेतली.

वर्षभराने बाईंचा अहवाल छापून आला. त्याचं पहिल्यांदा कौतुक झालं, मग एका मोठ्या कचेरीतून पत्र आलं. सतरा नंबरची मुळातली मुलाखत यंत्रासकट सादर करा, त्यातलं अक्षरही कापलं तर ती बनावट समजू, नाहीतर अहवालातलं त्याच्यावरचं प्रकरण मागे घ्या. संस्थेचे प्रमुख मार्तंडराव म्हणाले, देऊन टाका की, सरकारच मागतंय, चोर थोडेच मागताहेत? पण ज्या साहेबाच्या फोनवर गाड्या सुटायच्या, तो आता त्याच कचेरीत वरच्या खुर्चीवर बसला होता. बाईंना ते ठाऊक होतं, मलाही होतं.

त्या दुपारी बाईंनी मनीषनगरच्या घरी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आनंदरावांना शेवटपर्यंत ऐकलं. स्वतःच्या तोंडून निघालेलं ते नाव आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग पुसायचं बटण दाबलं. खरंच पुसू का, असं मी माझ्या इवल्याशा पडद्यावर विचारलं, तशी माझी रीतच आहे. बाईंनी हो म्हटलं. पुसलेलंही पुन्हा काढता येतं असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून माझं पोट पूर्ण भरेपर्यंत त्यांनी त्यावर नुसता डोक्यावरच्या पंख्याचा आवाज भरला. आनंदरावांच्या जागी घर्रघर्र. फार वाईट वाटलं मला.

प्रकरण मागे घेतलं गेलं. बाईंनी सतरा नंबरचा माणूस मनाने रचला, असं लोक उघड बोलले. संस्थेने त्यांचं काम काढून घेतलं. आनंदरावांकडे जायची सोय नव्हती, कारण बाई जिथे जातील तिथे कोणाची तरी नजर जाणारच. त्या एकट्या पडल्या, आणि मी पडलो लोखंडी कपाटाच्या खणात. आठ वर्षं. सेल काढलेले, शेजारी एक बंद घड्याळ, तेही मुकं. अंधारात मी आनंदरावांचं खाकरणं आठवून बघायचो, पण दर वेळी पंखाच ऐकू यायचा.

या उन्हाळ्यात एका सकाळी खण उघडला. बाहेरच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या कुसुमताई. मुलाला नागपूरजवळ कळमेश्वरच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून दोघं नवरा-बायको तिकडे राहायला आले होते. आनंदराव माघ महिन्यात गेले.

“मले त्यायचा आवाज आयकाचा हाय,” त्या म्हणाल्या. “घरात त्यायचा फोटो हाय, आवाज कुठंच नाही.”

बाईंनी माझ्यात नवे सेल घातले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तुमचं नाव माझ्याच तोंडून गेलं, म्हणून मीच पुसलं, असं म्हणताना त्यांना रडू फुटलं.  कुसुमताईंनी मला उचलून कानाशी धरलं. मी पंखा ऐकवला. दुसरं होतं काय माझ्याकडे? मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, “घरीच गेले ते. आपल्या खाटेवर, माह्या हातचं पाणी पिऊन. नाक्यावरच्या त्या दोघांयच्या बायकायले हे नाही भेटलं, बाई.”

मग त्या उठल्या. बाई दारापर्यंत आल्या, तोंड उघडलं आणि एकदम थांबल्या. मागे वळून त्यांनी माझा दिवा बघितला. तो विझलेला होता. मग म्हणाल्या, “सांभाळून जा, कुसुमताई.”

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून-झटकून जपा, असं माझे भाऊबंद तुम्हाला सांगतील. मला नाही जपलं तरी चालेल. पण कोणी विश्वासाने तुमच्यापाशी बोललं, तर आधी त्याला जपा. मी पुन्हा खणात आलोय. बाई या वेळी सेल काढायचे विसरल्या आहेत आणि पंखा त्यांनी अजून पुसलेला नाही.