माचीवरचा भोंगा

माझं लग्न सागरगडाच्या माचीवर ठरलं ते एका पाखरामुळे. त्याच पाखरामुळे ते त्याआधी दोनदा मोडलंही होतं. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फार तर चढ थोडा जास्त उभा सांगेन, तेवढं चालवून घ्या.

तेव्हा आमच्या नागावावरून सर्विस मोटार नुकतीच सुरू झाली होती. सकाळी रेवदंड्याहून निघायची, नागाव, अलिबाग, खंडाळे करत कार्ल्याची खिंड ओलांडायची, धरमतरला मुंबईची बोट गाठायची आणि तिसऱ्या प्रहरी परतायची. वर कापडी छत, आत लाकडी बाकं आणि डायव्हरच्या हाताशी नारळाएवढ्या रबरी फुग्याचा पितळी भोंगा. परतताना खिंडीचा चढ तिला सरळ चढवत नसे. मग हरेश्वर डायव्हर उतारूंना खाली उतरवायचा, मोटार फिरवायचा आणि पाठमोरी वर चढवायचा. उतारू तिच्या तोंडाकडे बघत मागोमाग चालायचे, वरातीत चालल्यासारखे. माथ्यावर पोचलं की तिला पाणी पाजायचं आणि भोंगा वाजवायचा : पोंऽऽ, पों, पोंऽऽ!

हा भोंगा गडावर गेलेल्यांसाठी. मोटारीमुळे गड जवळ आला होता ना! मुंबईचे हौशी बाबूलोक बूट घालून, काठ्या घेऊन यायचे, खंडाळ्याच्या फाट्यावर उतरायचे आणि रान तुडवत वर जायचे. भोंगा ऐकला की उतरायला लागायचं. मोटार निवून फाट्यावर येईस्तोवर माणूस चालत नाही तर गडगडत, पण खाली पोचायचाच.

मी गडावर गेलो तो हवा खायला नव्हे, मुलगी बघायला. नागावात आणि चौलात मला कोणी मुलगी देईना. माणूस चांगला, वाडी चांगली, पण सदू गप्पा फार मारतो, ही कीर्ती समुद्रावरच्या वाऱ्यासारखी सगळीकडे पोचलेली. तेव्हा जिथवर माझा आवाज पोचला नसेल अशा ठिकाणी मुलगी शोधायची, असं आमच्या धर्माजीमामाने ठरवलं. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे मामा म्हणेल ती पूर्व दिशा. माचीवरच्या भागोजीची बायजा लग्नाची होती.

मामाला जगात एकच भीती : मोटार चुकण्याची. आदल्या वर्षी खंडाळ्याला मोटार चुकली आणि तो रात्रभर चालत नागावला पोचला. तेव्हापासून सगळं गाव त्याला ‘पायमोटार’ म्हणायचं. जगात त्याला राग यायचा तोही या एका नावाचाच.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. मी, मामा आणि गावातले दोघे पंच. फाट्यावर उतरून ओढा ओलांडला, मग धबधब्याच्या कडेने वाट वर चढली. चढ असा की दर पावलाला गुडघा हनुवटीला लागायचा. मामाला दाढी असती तर माचीपर्यंत झिजून गेली असती. वर पोचलो तेव्हा आमच्यातला एक पंच स्वतःचं नाव विसरला होता.

भागोजीने ओटीवर घोंगडी अंथरली. त्याची बायको सोनाबाई आत चुलीवर काहीतरी खमंग करत होती, धूर घरभर कोंडला होता. बायजा पाणी घेऊन आली. मी खाली मान घालायची म्हणून घातली, पण तिने नाही घातली.

“पसंत,” मामा म्हणाला. त्याने धोतराच्या सोग्यातून आमच्या वाडीतली सुपारी काढली. पाचजणांत सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग दिल्लीहून कोणी आलं तरी मोडत नाही. भागोजीने सुपारी अडकित्त्यात धरली. आता दाबणार, तेवढ्यात—

पोंऽऽ, पों, पोंऽऽ!

“मोटाऽर!” मामा असा उठला की पागोटं होतं तिथंच हवेत राहिलं आणि तो खालून निघून गेला. मी पागोटं झेललं आणि मागे धावलो. पंचही धावले. भागोजी अडकित्ता धरून तसाच बसलेला.

फाट्यावर पोचलो तर सूर्य डोक्यावर. रस्त्याच्या मोरीवर बसून राहिलो. मोटार आली ती तिच्या वेळेला, चार तासांनी.

“दुपारी भोंगा कशाला मारलास रे?” मामा हरेश्वरवर धावून गेला.

“दुपारी मी धरमतरला जेवत होतो, धर्माजीशेट.”

“मग कोणीतरी पोराने दाबला असंल.”

“धरमतरला दाबलेला भोंगा तुम्हाला गडावर ऐकू आला?”

“वारा होता!” मामा म्हणाला आणि मोटारीत जाऊन बसला.

माघात पुन्हा गेलो. पुन्हा चढ, पुन्हा घोंगडी, पुन्हा चुलीचा धूर. या खेपेला मला जरा धीर आला आणि मी भागोजीला सांगितलं की आमच्या वाडीतल्या उंच माडावर चढलं की मुंबईच्या दुकानातली पाटी वाचता येते. आतून कोणीतरी खुदकन हसलं. मामाने मला चिमटा काढला आणि घाईने सुपारी पुढे केली. भागोजीने अडकित्ता धरला आणि पोंऽऽ, पों, पोंऽऽ!

मामा गेला. पंच गेले. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी मागे राहिलो. झऱ्यापाशी लंगडत आलो तर बायजा हंडा घेऊन उभी.

“काय वो, मुलगी आवडली न्हाय तं तोंडाने सांगा की. पळताय कशाला?”

“मोटार आली ना!”

“कुठली मोटार? पाखरू हाय ते!” ती माझ्याकडे बघत राहिली. “म्हंजे खरंच तुम्हाला ठावं न्हाय?”

तिने वर बोट केलं. झाडावर काळा कुळकुळीत कोतवाल बसला होता, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. “जे ऐकंल तसं वरडतो. पहिला शेळीवाणी वरडायचा, आता भोंगा शिकलाय. चुलीचा धूर झाला की धुरातले किडे खायाला घरापाशी येतो. पाव्हणे आले की आमची चूल मोठी पेटते, म्हणून तो आलाच समजा. त्या मुंबईच्या बूटवाल्यांना पण त्याने दोनदा पळवलंय. माचीवरची शेंबडी पोरं वळखतात त्याला. बाबा म्हणतो, नागावकर पाखराचं निमित्त करून पळतात.”

मी तुटकी चप्पल पायातून काढून हातात घेतली.

“फाल्गुनात शेवटचं या. तेव्हा सुपारी फुटली न्हाय तं दुसऱ्या दिवशी पोयनाडचा गिरणीवाला येनार हाय. बाबाने त्याला सांगून ठेवलंय.”

“तो कसा आहे?”

“दिवसातून चार शब्द बोलतो. त्यातले दोन भाताचे असतात.” तिने हंडा डोक्यावर घेतला. “मी चुलीचं बघते. तुम्ही मामाला बसवा. आणि ती दुकानाची पाटी, तिच्यावर लिहिलंय काय ते पण वाचून ठेवा.”

तेव्हाच मी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी. पण मामाला सांगू काय? लग्नाआधी मुलीशी झऱ्यावर बोललो म्हटलं तर सोयरीक तिथंच बुडाली. म्हणून महिनाभराने मी नुसतंच चाचपून पाहिलं, “मामा, तो भोंगा म्हणजे एखादं पाखरू तर नसेल?”

“व्हय,” मामा म्हणाला, “आन मागे तू सांगितलेला खेकडा बिगूल वाजवतो.”

जन्मात एकदा खरं बोललो आणि हे फळ.

फाल्गुनात तिसरी खेप. माचीवर पोचलो तर भागोजीच्या घरावर धुराची रेघ नाही. बायजाने पहाटेच स्वयंपाक उरकून चूल विझवली होती, आणि तिकडे झऱ्यापाशी ओल्या पाल्याचा ढीग पेटवून ठेवला होता. निळा धूर वर चढत होता आणि कोतवाल त्यात घिरट्या घालत होता. आम्हाला गार भाकरी आणि गार कालवण मिळालं. सोनाबाई लाजून लाजून अर्धी झाली. मला ते जेवण इतकं गोड लागलं की मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. सात म्हणा.

मग सुपारी. तीच सुपारी, तीन महिने मामाच्या सोग्यात वाळलेली. भागोजीने अडकित्ता दाबला. सुपारी फुटेना. एका पंचाने दाबला, दुसऱ्याने दाबला, दोघांनी मिळून दाबला. अडकित्त्याची खीळ वाकली, ती दगडाने ठोकून सरळ केली.

“वरवंट्याने फोडू,” सोनाबाई आतून म्हणाली.

“वरवंट्याने सोयरीक होत न्हाय!” मामा म्हणाला. “सुपारी नागावची हाय, तिला वेळ द्या.”

वेळ देता देता उन्हं कलली. मी ओटीच्या कडेला बसलो होतो, तिथून खिंड सरळ दिसायची. धूळ उठलेली दिसली. धुळीत एक काळा भुंगा पाठमोरा वर सरकत होता. त्याच्या मागे मुंगीएवढी माणसं. आणि मग दुरून, अगदी स्पष्ट : पोंऽऽ, पों, पोंऽऽ.

मामाचा एक पाय चपलेत गेलासुद्धा. भागोजीने अडकित्ता खाली ठेवला. त्याचं तोंड काळं पडलं होतं.

“जा,” तो म्हणाला. “पन आता ही वाट पुन्हा चढू नका.”

तेवढ्यात दारातून आवाज आला. बायजा पदर घेऊन उभी होती. “बाबा, पाव्हण्यांना सांगा, मोटार न्हाय ती. पाखरू हाय.”

मामाचा दुसरा पाय हवेतच थांबला.

“पाखरू?” मामाने विचारलं.

“म्हंजे?” भागोजी उठून उभा राहिला. “तुम्हाला ठावं नव्हतं? तुम्ही दोन्ही खेपेला खरंच पाखराला भिऊन पळालात?”

आणि मोटारीला जबाब द्यावा तसा कोतवाल झऱ्याकडून उडत आला, समोरच्या उंबरावर बसला, चोच उघडली आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भोंगा वाजवला. पोंऽऽ, पों, पोंऽऽ!

सोनाबाई हसली. पंच हसले. भागोजी घोंगडीवर लोळला. “मला वाटलं नागावकर माजलेत,” तो डोळे पुशीत म्हणाला, “ते तं नुसते भोळे निघाले!”

मामा उंबराकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. खिंडीतून पुन्हा भोंगा आला, शेवटचा. “वरड, लेका, वरड!” मामा पाखराला म्हणाला, चपलेतून पाय काढला, अडकित्ता हिसकावून घेतला आणि तीन महिन्यांचा सगळा राग त्यात घातला.

कडाड!

अर्धी सुपारी भागोजीच्या मांडीवर पडली. उरलेली अर्धी कौलातून वर गेली. ती अजून खाली यायची आहे. पण सोयरीक पक्की झाली.

गूळ वाटला, तारीख धरली, मामा रमतगमत उतरला. वाटेत धबधब्याची जागा नीट पाहून घेतली, पूर्वी पळताना कधी दिसली नव्हती म्हणाला. फाट्यावर मोरीवर पाय सोडून बसला. सूर्य बुडाला तरी म्हणत होता, “येईल आता.” शेवटी आम्ही चालायला लागलो. नागावपर्यंत चालताना मी पाऊलभर मागे राहिलो, तोंडावरचं हसू त्याला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामाने भर रस्त्यात मोटार अडवली. “काल आला का न्हाईस रे?”

“आलो होतो, शेट! गडावर ऐकू जावं म्हणून खिंडीत दोनदा भोंगा मारला.”

“ते पाखरू होतं!” मामा सगळ्या उतारूंना उद्देशून म्हणाला. “मी डोळ्यांनी बघितलंय!”

हरेश्वर शपथा घेत राहिला आणि उतारू मामाकडे बघत राहिले. नागावात तेव्हापासून खोटारड्यांत माझा नंबर दुसरा लागला. पायमोटार हे नाव मात्र मागे पडलं, कारण मोटारीला पाखरू म्हणणारा माणूस त्याहून मोठा होता.

लग्नानंतर एकदा मी बायजाला विचारलं, “त्या दिवशी भोंगा खरा होता हे तुला कळलं नव्हतं?”

“धूर झऱ्यावर, पाखरू झऱ्यावर, आन आवाज खिंडीतनं,” ती भाकरी थापत म्हणाली. “मला काय दिशा कळत न्हाईत व्हय?”

“म्हणजे पाचजणांसमोर चक्क खोटं बोललीस!”

“तुमच्या घरात नांदायचं होतं,” बायजा म्हणाली. “थोडी सवय करून घेतली.”