चाळीस सेंटिमीटर

दुसऱ्यांदा मोजलं तरी आकडा तोच आला. एक मीटर दहा.

"मिस्त्री, इकडे या जरा." तिनं आवाज जमेल तितका शांत ठेवला.

घर तिच्या मोठ्या भावाचं. नकाशा तिनं काढलेला आणि परवानगीच्या अर्जावर इंजिनियर म्हणून सहीही तिचीच. शेजारच्या कुंपणापासून दीड मीटर जागा मोकळी सोडायची, ही मंजुरीची अट होती. जोत्यापर्यंत काम आलं की पालिकेचा अधिकारी येऊन मोजणार, नकाशाशी जुळलं तरच दाखला देणार, मगच भिंती उठणार. तो अकराला यायचा होता. साडेनऊ वाजले होते.

मिस्त्रीनं टेपकडे पाहिलंसुद्धा नाही. "दादासाहेबांनी सांगितलं तसं केलं."

दादा विटांच्या थप्पीमागून पुढे आला. "जोतं मीच बाहेर सरकवलं. बाबांची चाकाची खुर्ची नकाशातल्या बाथरूममध्ये वळत नव्हती. घरी खडूनं आखून, फिरवून बघितली मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस. आणि जागा आपलीच आहे ना? शेजाऱ्याची वीतभर तरी घेतली का?"

दार रुंद ठेवायचं तिला सुचलं होतं. खुर्ची आत वळेल का, हे मात्र तिनं पाहिलंच नव्हतं.

"हे बघ छोटे," दादानं आवाज खाली आणला, "त्या कोपऱ्यात वाळू टाकू. मोजायला जाताच येणार नाही त्याला. पुढून मोजेल नि जाईल."

मिस्त्रीनं फावडं उचललं. एक, दोन, तीन. वाळू जोत्याच्या कडेला साचू लागली. ती बघत राहिली. सहाव्या फावड्याला म्हणाली, "थांबा."

"सख्ख्या भावाचं घर पाडणारेस?"

"आग लागली तर शिडी कुठून न्यायची, दादा? वरच्या मजल्यावरून तुम्ही सगळे उडी मारणार आहात का? आणि हे शेवटी उघडकीला आलंच, तर राहायचा दाखला नाही, पाण्याचं कनेक्शन नाही. मग घालशील बाबांना बादलीनं आंघोळ."

दादा मागे वळला. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

अधिकारी दहा मिनिटं आधीच आला. पिशवीतून स्वतःची टेप काढली. त्यानं टेप उलगडायच्या आत ती बोलून गेली, "या बाजूला चुकलंय. जोतं चाळीस सेंटिमीटर बाहेर आलंय."

त्यानं मान वर केली. तरीही वाळूत गुडघे टेकून मोजलं, पुन्हा मोजलं, वहीत लिहिलं. पेनाची खरखर तेवढी ऐकू येत होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी."

"काम थांबवा. तेवढा भाग काढा. आतली रचना बदलायची तर सुधारित नकाशा दाखल करा." जरा थांबून म्हणाला, "सही तुमची आहे. तुमच्या परवान्यावर शेरा जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली.

त्याच दुपारी ती बाबांकडे गेली. त्यांना खुर्चीत बसवून अंगणात गोल फिरवलं आणि चाकांच्या खुणा मोजल्या.

"मी काय ट्रक आहे का गं?" बाबा म्हणाले.

"ट्रकपेक्षा अवघड वळण आहे तुमचं."

जिन्याखालची अडगळीची खोली तिनं नव्या नकाशात बाथरूमला जोडली. नवी मंजुरी यायला सात आठवडे गेले. दादा तेवढे दिवस कामापुरतंच बोलला. पण जादाचं जोतं फोडायच्या दिवशी पहिला घण त्यानंच घातला.

दुसऱ्या मोजणीत सगळं जुळलं, दाखला मिळाला. परवान्यावरच्या शेऱ्याचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. दादानं ते दोनदा वाचलं.

"हे माझ्यामुळे."

"निम्मं. बाथरूम आधी मीच लहान काढली होती."

त्यानं पत्र नीट घडी करून तिच्या हातात दिलं, आणि भिंती सुरू करा म्हणून सांगायला मिस्त्रीकडे गेला.